फुकटाचा हिशेब

"यूट्यूब फुकट, विकिपीडिया फुकट, मग यांची चूल पेटते कशावर?" महिला मंडळात एका ताईंनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे.

विकिपीडिया जाहिरात घेत नाही. तो देणगीवर चालतो, आपल्या विहाराच्या दानपेटीसारखा. नेटफ्लिक्सची महिन्याची वर्गणी असते. (आमचीही असते, पण त्यांची थकत नाही!) यूट्यूबची चूल मुख्यतः जाहिरातीवर. वाहिनीला १००० वर्गणीदार मिळाले आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिले गेले, की मोठ्या चित्रफितींवरच्या जाहिरातीच्या रुपयातले ५५ पैसे वाहिनीवाल्याला, ४५ कंपनीला.

पण भीमगीताचे ५५ पैसे शाहिराच्याच घरी जातात असे समजू नये. कॅसेटच्या काळात ज्यांनी गाण्याचे हक्क एकरकमी विकले, त्यांच्या गाण्याची कमाई हक्कदार कंपनीकडे जाते. दुसऱ्याने गाणे चढवले तरी यंत्र ते ओळखते आणि कंपनी पैसे आपल्याकडे वळवू शकते. १४ एप्रिलला घरोघर गाणे वाजते, शाहिराची म्हातारी मात्र पत्र्याच्या खोलीत!

२०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. आमच्या तरुण कवींनी करारातले हे कलम आधी वकिलाकडून वाचून घ्यावे, सही मग करावी.