फिरता अँटेना माळ्यावर? घेण्याआधी जरा थांबा

राजारामपुरीतून एका भगिनीने विचारले आहे : "आमचं घर जुनं, मंगलोरी कौलांचं. सासूबाईंना दुपारी सह्याद्री वाहिनी लागते. केबलचे महिन्याचे पैसे वाचावेत म्हणून माळ्यावर मावणारा, रिमोटने फिरणारा छोटा अँटेना घेऊ या, असं हे म्हणतात. कोणता घ्यावा?"

ताई, कोणताच घेऊ नका. असा अँटेना अमेरिकेत कामाला येतो. तिथे वेगवेगळ्या दिशांच्या मनोऱ्यांवरून कार्यक्रम येतात, म्हणून तो फिरवावा लागतो. आपल्याकडे दूरदर्शनने काही मोक्याची ठिकाणे सोडून जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे 2022 पर्यंत बंद केली. कौलावर चढून "आलं का गं चित्र?" विचारायचे दिवस संपले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

सासूबाईंसाठी दुसरी सोय आहे. दूरदर्शनची 'फ्री डिश' 2004 पासून सुरू आहे. छत्री आणि डबा एकदाच घ्यायचा, महिन्याचे पैसे नाहीत. सह्याद्री तीवर दिसते. खासगी वाहिन्या मात्र बदलत असतात. तुमची आवडती मालिका त्यावर लागते का, हे ज्यांच्याकडे छत्री आहे त्यांना आधी विचारा.

ही छत्री माळ्यावर चालत नाही. सुमारे 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येणाऱ्या क्षीण लहरी कौलांतून, त्यातून ओल्या कौलांतून, नीट येत नाहीत. छत्रीला उघडे आभाळच हवे. कोल्हापुरातून तिचे तोंड आग्नेयेला आणि बरेच वर, क्षितिजापासून साधारण 60 अंशांवर असावे लागते. एकदा बसवली की फिरवायची नाही.

शेजारी उंच अपार्टमेंट किंवा नारळाचे झाड असेल, तर जागा अशी पारखा : मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी किंवा सप्टेंबरअखेरीस, सकाळी अकराच्या सुमारास ऊन कुठे पडते ते बघून ठेवा. सूर्य तेव्हा जवळजवळ उपग्रहाच्याच दिशेला असतो. जिथे ऊन, तिथे छत्री! बाकीच्या दिवसांत बसवणाऱ्याकडून पैसे देण्याआधी चित्र दाखवून घ्या.

आणखी दोन गोष्टी. मुसळधार पावसात चित्र थांबले तर डबा बिघडला असे समजू नका. पाऊस ओसरला की ते परत येते. कौलावर जुना अँटेना असेल तर तो मात्र काढून घ्या. गंजलेला पाइप वादळात विजेच्या तारांवर पडू शकतो. हे काम मुलांना सांगू नका, माहीतगार माणसाकडूनच करवून घ्या. ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे भंगारवाल्याकडून चार पैसे येतील, ते छत्रीच्या खर्चाला लावा!