सर्व्हर नवा नको, दप्तर नीट हवे

पालघर-डहाणूकडचा शेतकरी आजारी पडला आणि तालुक्याला निभले नाही, की पश्चिम रेल्वेने बोरिवली-अंधेरी गाठतो. शहापूर-कर्जतकडचा माणूस मुलुंड-घाटकोपरला उतरतो. पहाटेची गाडी धरायची, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि दवाखान्याच्या खिडकीवर ऐकायचे काय? ‘‘थांबा, सर्व्हर स्लो आहे.’’ सात-बाऱ्यापायी हे वाक्य आपल्याला पाठ झालेच आहे. पण इथे रांगेत आजारी माणूस उभा असतो. जुना कागद वेळेत सापडला नाही तर डॉक्टरांची वेळ टळते आणि उद्या पुन्हा खेप पडते. ऐन लावणीत अशी खेप कोणाला परवडते?

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो नवा, महागडा संगणक घेण्याचा. चारी गाळाने भरलेली असताना मोठी मोटार बसवून शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. बऱ्याच छोट्या दवाखान्यांत नोंदी एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत असतात. तिच्या २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि नोंदी हाताशी ठेवायला ती सुमारे १.४ जीबीच मेमरी वापरते. तिथे मशीनमध्ये ३२ जीबी मेमरी घातली तरी बाकीची त्या कामाला लागतच नाही!

मग खरे दुखणे कुठे असते? दप्तराच्या मांडणीत. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आठ-अ असतो. खाते सापडले की त्याखालचे गट लगेच दिसतात. तो नसता तर प्रत्येक सात-बारा उलटत बसावे लागले असते. संगणकातही अशी सूची लागते, तिला ‘इंडेक्स’ म्हणतात. दहा लाख नोंदी असतील आणि सूची नसेल, तर एका रुग्णासाठी दहाही लाख चाळाव्या लागतात. क्रमवार सूची असेल आणि दर वेळी निम्मा ढीग बाजूला सारला, तर वीस खेपांत नोंद सापडते.

पण सूची म्हणून वाटेल तितक्या करू नयेत. जितकी रजिस्टरे जास्त, तितकी प्रत्येक नव्या नोंदीला लिखापढी जास्त. रुग्ण क्रमांक, मोबाईल नंबर, आडनाव, भेटीची तारीख, ज्यांवरून रोज शोध होतो त्यांच्याच सूची ठेवाव्यात. आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधले तर सूची कामी येते. नावात मधेच कुठेतरी ‘राम’ आहे का, असे विचारले तर पुन्हा सगळे चाळणे आलेच.

आणखी काही साध्या गोष्टी आहेत. महिनाअखेरचे मोठे अहवाल सकाळी रांग असताना काढू नयेत, रात्री काढावेत. खिडकीवरचाच संगणक सर्व्हर म्हणून वापरू नये. क्ष-किरणांच्या जड प्रतिमा मुख्य नोंदींत कोंबू नयेत. फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवावी. खर्च करायचाच असेल तर तो आधी इथे करावा. आणि काहीही बदलण्याआधी बॅकअप घ्यावा, तो परत उघडून पाहावा.

वेग हवा म्हणून जुन्या नोंदी पुसण्याचा शहाणपणा मात्र कोणी करू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. जुने दप्तर वेगळ्या कपाटात ठेवावे, चुलीत घालू नये.

आपल्याकडूनही थोडे व्हावे. एकाच माणसाची नोंद कधी आधारवरच्या नावाने, कधी घरच्या नावाने झाली की एका रुग्णाचे तीन रुग्ण होतात. सूची कितीही चांगली असो, जुने औषध, जुनी ॲलर्जी डॉक्टरांना दिसत नाही. हा वेळेचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. म्हणून नाव दर वेळी एकच सांगा, जुना केसपेपर जवळ बाळगा. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक काढला असेल तर तो दाखवा.

हीच गोष्ट गावच्या आरोग्य केंद्राला लागू आहे. रुग्ण कल्याण समितीसमोर नव्या संगणकाचा प्रस्ताव आला, तर सरपंच आणि सदस्यांनी सही करण्याआधी एवढेच विचारावे: नेमके कोणते काम हळू चालते, त्याला किती सेकंद लागतात, आणि सूची तपासली का? उत्तर मिळाले नाही तर प्रस्ताव परत पाठवावा. पैसा गावाचा आहे, आणि रांगेत उभा असलेला माणूसही गावाचाच आहे.