मित्र कोणाला म्हणावे?



एकदा वर्गात मैत्रीवर चर्चा चालली होती. एक मुलगा उठून म्हणाला, “सर, माझा मित्र मोबाईलमध्ये आहे. रात्री दोन वाजता विचारले तरी तो उत्तर देतो. कधी रागावत नाही, चिडवत नाही. मग तोच खरा मित्र नाही का?” वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. नंतर कळले की, क्रिकेटच्या भांडणावरून त्याचा जिवलग दोस्त त्याच्याशी बोलत नव्हता.

त्याचा हा नवा मित्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा प्रोग्राम. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द यावा, याचा अंदाज बांधून तो उत्तर तयार करतो. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा साधा प्रोग्राम बनवला. लोक त्याच्याजवळही मन मोकळे करू लागले. ते पाहून स्वतः वायझेनबॉम अस्वस्थ झाले. आता तर पलीकडे माणूस बोलतो आहे की यंत्र, हे ओळखणेही अनेकदा कठीण होते.

आता आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्याची आठवण करा. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना आझाद तेथे कैदेत होते. पहाटे उठून, चहा घेत ते आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. पण ती पाठवण्याची सोय नव्हती. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. ते दुःखही त्यांनी अशाच पत्रात लिहिले. पुढे १९४६ मध्ये ही पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली.

विचार करा. त्या पत्रांना तुरुंगात उत्तर आले नाही, तरी ती मैत्री खरी होती. कारण दूर कोठेतरी एक जिवंत माणूस होता. मित्राच्या दुःखाने त्याचे डोळे भरून आले असते. यंत्रही ‘मला वाईट वाटले’ असे लिहील. पण मोबाईल बंद केल्यावर तुमच्या काळजीने कोणी जागे राहणार नाही.

यंत्र वाईट आहे, असे मी म्हणत नाही. गणित समजून घ्या, मराठी शब्दाचा अर्थ विचारा. मात्र घरातल्या खाजगी गोष्टी आणि आपले फोटो त्याला देऊ नका; ऑनलाईन भेटलेल्या अनोळखी माणसालाही देऊ नका. कोणी धमकावले तर लपवू नका. अम्मी-अब्बांना किंवा शिक्षकांना सांगा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. आम्हा मोठ्यांचेही चुकते. आम्हाला ऐकायला वेळ नसतो, म्हणून मुले यंत्राशी बोलतात.

मित्र रागावतो, कारण आपले वागणे त्याच्या मनाला लागते. यंत्राला काहीच लागत नाही. म्हणून तुमचा एखादा दोस्त रुसला असेल, तर आज मोबाईल घरी ठेवा आणि त्याच्या दारी जा. पहिला सलाम तुम्ही करा.