कर्ज फेडायचे, पण काय कापून?

देशाच्या कर्जाची चर्चा निघाली की आम्हाला ट्युनिशिया आठवतो. १८६४ साली तिथले राज्यकर्ते दरडोई कर ३६ रियालांवरून थेट ७२ करायला गेले. कर्ज फिटले नाही. रयतेचे बंड मात्र पेटले. १८६९ मध्ये दिवाळे निघाले आणि तिजोरीवर परकी सावकारांचे आयोग बसले.

१८७३ मध्ये वजीर झालेल्या खैरुद्दीन पाशांनी दुसरी वाट धरली. जैतून-खजुरीची नवी लागवड करणाऱ्यांना करात सवलत दिली, १८७४ मध्ये वक्फच्या कारभाराला शिस्त लावली आणि १८७५ मध्ये सादिकी मदरसा उघडला. तिथे दीनी इल्मबरोबर गणित, विज्ञान आणि परकीय भाषाही शिकवल्या जात. जमीन पिकली, माणूस शिकला, तरच कर्ज फिटते, हे त्यांनी ओळखले होते. १८७७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १८८१ मध्ये फ्रेंच आले.

घराचेही असेच असते. लग्नाच्या थाटासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते भरताना लेकीची शाळा सुटते, हे आम्ही शिक्षक पाहत आलो आहोत. भाऊ-बहिणींनो, कापायचेच तर थाट कापू या. बियाणे आणि पुस्तक नको. अल्लाह आपल्या सर्वांना तशी तौफीक देवो. आमीन.