आजींची संध्याकाळ



मागच्या महिन्यात लालबागच्या एका चाळीत बायांची बैठक ठेवली होती. विषय नेहमीचा, घराच्या कागदावर बाईचं नाव. सहा वाजले तशा पासष्टीच्या एक आजी उठल्या, "तुमचं चालू द्या गं, माझ्या नातीचा सामना आहे," म्हणाल्या आणि चपला सरकवून जिना उतरल्या. खरं सांगायचं तर आम्हाला राग आला. चार घरच्या बाया मोठ्या मिनतवारीने गोळा केलेल्या, आणि ही बाई कबड्डी बघायला निघाली!

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेले. नात तेरा वर्षांची, किशोरी गटात खेळते. आजी कट्ट्यावर बसतात, पदर खोचून, पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन केळी. समोर सहा जणी उभ्या असतील तरच बोनस मिळतो, लोण दिला की दोन गुण जादा, बायकांचं मैदान बारा मीटर बाय आठ मीटरचं, हे सगळं त्यांनीच मला समजावलं. नात चढाईला गेली की आजींचाही दम कोंडतो. पकड झाली तर पंचांच्या नावाने बोटं मोडतात, आणि सुटली तर शेजारच्या अनोळखी पोराच्या पाठीत थाप! या बाईला आम्ही बैठकीत तीन वर्षं ओळखत होतो. असं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या कोकणातल्या. लहानपणी भावांबरोबर हुतुतू खेळायच्या, न्हाण आलं आणि अंगण बंद झालं. लग्न होऊन लालबागला आल्या, नवरा गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तोही. मग सासूबरोबर त्या डबे करू लागल्या. संपाचा इतिहास सांगताना आपण सभा, मोर्चे, पुढारी सांगतो. चुली पेटत्या ठेवणाऱ्या या बाया ओघात येऊन जातात. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्यांना धरून. आजी म्हणाल्या, "मैदानात मी सभेला गेले, मोर्चाला गेले. नुसती बसायला कधी गेले नव्हते."

त्या 'नुसती बसायला'पाशी मी अडकले. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं होतं: बाईला रस्त्यावर, बागेत असायला काहीतरी काम दाखवावं लागतं. आजींचं काम म्हणजे नातीला सोबत. नातीला मैदानावर सोडतात ते आजी आहे म्हणून. दोघी एकमेकींची सबब झाल्या आहेत. आणि आपण सर्वेक्षणाचा तक्ता भरताना 'नातवंडं सांभाळणे' हे बिनमोल श्रमाच्या रकान्यात टाकून मोकळ्या होतो. ते चूक नाही, कितीतरी घरांत आजी म्हणजे फुकटची आया असते. पण या आजींच्या संध्याकाळसाठी आपल्या तक्त्यात रकाना नाही, हेही तितकंच खरं.

घरात सगळं गोड आहे असं समजू नका. सून नोकरी करून आठला घरी येते. सामन्याच्या दिवशी स्वयंपाक कोणी करायचा यावरून दोनदा भांडण झालं. आता मुलगा कुकर लावतो, शिट्ट्याही बरोबर मोजतो म्हणे. खरं संकट वेगळंच. पुढच्या वर्षी नात नववीत जाईल. चुलत्याचं म्हणणं, मुलगी मोठी झाली, अर्ध्या चड्डीवर चार लोकांसमोर खेळणं पुरे. आईला क्लासची काळजी. मैदानावर मुलींना कपडे बदलायला आडोसा नाही, संडास आहे त्याला कडी नाही. सामने लांबले की परतायला रात्र होते. हे सगळं एकत्र आलं की मुलगी खेळ 'सोडते'. सोडायला लावलं असं कोणी म्हणत नाही.

मैदानं तरी किती उरली? 1991 च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी पालिकेला मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला, हिस्सा फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीतून द्यायचा असं ठरलं, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या जागी टॉवर आले, मॉल आले. गिरणगावातल्या मुलींनी कुठे खेळायचं हे कोणी विचारलं नाही.

घरच्यांना समजावताना आम्हीही मग यशाची यादी वाचतो. शकुंतला खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला. 2012 मध्ये पाटण्याला पहिला महिला विश्वचषक जिंकला त्या संघात आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. 2010 आणि 2014 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण, 2023 मध्ये हांगझोला चिनी तैपेईवर 26-25 अशी एका गुणाने मात. सरकारी नोकरीत खेळाडूंना राखीव जागा आहेत, हेही सांगतो. उपयोग होतो. पुरुषांची प्रो कबड्डी 2014 पासून चालली आणि बायकांना त्याच मंडळींनी 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा देऊन गप्प केलं, हे मात्र सांगत नाही, कारण आई लगेच म्हणेल, मग कशाला खेळायचं?

पण मुलगा संध्याकाळी खेळायला गेला तर त्याला पदक आणशील का, नोकरी लागेल का, असं कोण विचारतं? ही यादी वाचताना आपण मुलीच्या खेळाला आधी उपयोग चिकटवतो आणि मग परवानगी मागतो. आजींनी चुलत्याला यादी वाचून दाखवली नाही. "तिला आवडतं. मलाही बघायला आवडतं. तुला नाही आवडत तर नको येऊस," एवढंच म्हणाल्या. चुलता अजून बोलत नाही त्यांच्याशी.

ज्या गटांच्या वस्तीजवळ मैदान आहे त्यांनी तिथे मुलींसाठी कडीचा संडास, आडोसा आणि दिवे आहेत का, ते पाहून आम्हाला कळवावं. वॉर्ड ऑफिसात एकत्रच अर्ज देऊ. आणि घराच्या कागदांची राहिलेली बैठक येत्या शनिवारी आहे. आजींनी निरोप धाडला की त्या दिवशी उपांत्य सामना आहे, तेव्हा बैठक चाळीत न होता मैदानाच्या कट्ट्यावर होईल. पाच वाजता या, सहानंतर कोणी ऐकणार नाही.