गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही



आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता एक विद्यार्थी वर जातो, साठलेले पाणी मोजपात्रात ओततो आणि आकडा टिपून घेतो. असे आम्ही अकरा पावसाळे केले. पहिली चार वर्षे नोंदी वहीत होत्या. पुढे विभागात संगणक आला, तेव्हा वही बंद झाली आणि आकडे थेट संगणकात जाऊ लागले. काही काळाने संगणकात जागा अपुरी पडू लागली, म्हणून मी एक बाह्य हार्ड डिस्क आणली, सर्व नोंदी तिच्यावर हलवल्या आणि संगणकावरून पुसून टाकल्या. नोंदी आता सुरक्षित झाल्या, असे मला वाटले.

एके दिवशी डिस्क चालू असतानाच माझ्या कोपराचा धक्का लागून ती टेबलावरून खाली पडली. पुन्हा जोडली तर आतून नुसता टक्‌टक् आवाज. सात पावसाळ्यांच्या नोंदी गेल्या. वहीतले चार तेवढे उरले.

दोष डिस्कचा नव्हता, माझा होता. चूक कोणती ते नीट पाहा. मी बाह्य डिस्क घेतली, पण प्रत केली नाही. असलेली एकच प्रत एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली, एवढेच. ज्या माहितीची एकच प्रत आहे ती माहिती, मग ती कितीही भारी डिस्कवर असो, धोक्यातच असते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, माहितीची प्रत ठेवणे हे संगणक दुरुस्त करणाऱ्याचे काम नसून प्रयोग करणाऱ्याचेच काम आहे. ते शाळेपासून शिकवले पाहिजे.

डिस्क पडल्याने एवढे नुकसान का व्हावे? हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत चकत्या असतात. लहान बाह्य डिस्कमधील चकती मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. केंद्रापासून ३ सेंटिमीटरवरील बिंदूचा वेग काढून पाहा: २ × ३.१४ × ०.०३ × ९०, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर, ताशी ६१ किलोमीटर! आणि लिहिणारे-वाचणारे टोक या धावत्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. आपल्या डोक्याचा केस याच्या हजारो पट जाड असतो. चालू डिस्कला धक्का बसला की टोक चकतीवर आपटते आणि चुंबकीय थर खरवडला जातो. १९५६ सालची पहिली हार्ड डिस्क ५० मोठ्या चकत्यांची होती आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट माहिती मावते. सोय वाढली, तशीच एका धक्क्यात जाणारी माहितीही वाढली.

आता थोडे गणित करू या. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता वीसात एक आहे. दोन डिस्कवर दोन प्रती असतील, तर दोन्ही एकाच वर्षी बिघडण्याची शक्यता १/२० × १/२०, म्हणजे चारशेत एक. पण हा गुणाकार कधी खरा? दोन्ही घटना परस्परांवर अवलंबून नसतील तेव्हाच. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील आणि घरात पाणी शिरले, तर गुणाकार कोसळतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. अशा वेळी वरच्या फळीवरची आणि खालच्या फळीवरची वही सारखीच भिजते. म्हणून जाणकार सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी नाही तर निदान दुसऱ्या घरी. मामाच्या घरचे कपाटही चालेल.

बाह्य डिस्क आणली की प्रथम काय कराल? ती नवी असेल तर संगणक कदाचित ‘फॉरमॅट’ करण्यास सांगेल. फॉरमॅट केल्याने डिस्कवरील सर्व काही जाते, म्हणून योग्य डिस्क निवडली आहे ना, हे दोनदा पाहा. एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली, तर फसवणूक झाली असे समजू नका. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. मग हाताने फाइली उतरवत बसण्यापेक्षा ते काम यंत्रावर सोपवा. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आहे, मॅकमध्ये ‘टाइम मशीन’. या सोयी जुन्या आवृत्त्याही ठेवतात, त्यामुळे काल चुकून बिघडवलेला तक्ता परवाच्या रूपात परत मिळतो. पहिल्या वेळी धीर धरा: सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तरी २०० जीबी उतरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. बारीक फाइली पुष्कळ असल्या तर आणखी. पुढच्या वेळी फक्त बदललेले तेवढे उतरते.

काम संपले की संगणकाला रीतसर सांगून डिस्क सोडवा आणि काढून ठेवा. ती कायम जोडून ठेवू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही सोडत नाहीत. कपाटातील डिस्कपर्यंत मात्र त्यांचा हात पोचत नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “सर, आमचे सगळे मोबाइलमधून आपोआप इंटरनेटवर जाते.” ठीक आहे, ती एक प्रत झाली. पण पुष्कळदा अशी व्यवस्था आरशासारखी असते. इकडे फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. आरशातील प्रतिबिंबाला कोणी दुसरा माणूस म्हणत नाही. दुसरे कोणी म्हणतील, डिस्क महाग पडते. प्रत्येकाने घ्यावी असे मी म्हणतच नाही. शाळेने दोन घ्याव्यात, आलटून पालटून वापराव्यात आणि दर शनिवारी दोन विद्यार्थ्यांकडे हे काम द्यावे. शिवाय आकडे थोडे असतील तर साधी वही आजही उत्तम प्रत आहे. माझे जे चार पावसाळे वाचले, ते वहीनेच वाचवले.

हा निष्काळजीपणा केवळ लहानांचा नाही. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या दृश्यांच्या मूळ चुंबकीय टेपांचा नासाने पुढे शोध घेतला. त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे २००९ साली जाहीर करावे लागले. दूरदर्शनसाठी रूपांतरित केलेल्या प्रती इतरत्र होत्या, म्हणून आज ती दृश्ये आपण पाहू शकतो.

लंबकाचा प्रयोग चुकला तर उद्या पुन्हा करता येतो. पण पाऊस, ग्रहण, दारात येणारे पक्षी, आजीने सांगितलेल्या जुन्या दुष्काळाच्या आठवणी यांची नोंद गेली की ती पुन्हा घेता येत नाही. अशा नोंदींना प्रत हवीच. आणि प्रत आहे एवढ्यावर थांबू नका. महिन्यातून एकदा तिच्यातील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न तपासलेली प्रत म्हणजे न तपासलेले उत्तर.

आमच्या गच्चीवर पुन्हा मोजमाप सुरू आहे. आकडा आधी वहीत, मग संगणकात आणि शनिवारी डिस्कवर जातो. प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही करण्यापूर्वी मी आता प्रत्येकाला विचारतो, “याची दुसरी प्रत कोठे आहे?” तुमच्या शिक्षकांनी विचारले नाही, तर तुम्हीच त्यांना विचारा.