सासऱ्यांची बाटली

आमच्या साडूंच्या दिवाणखान्यात एक काचेचे कपाट आहे. पूर्वी त्यात आग्र्याहून आणलेला ताजमहाल, मुलाच्या वक्तृत्वाच्या ढाली आणि कुणीतरी लग्नात दिलेला, कधीही न वापरलेला टी-सेट असे. सेवानिवृत्त झाल्यावर साडूंनी ताजमहाल माळ्यावर टाकला आणि तिथे जुन्या स्कॉच व्हिस्कीच्या बाटल्या मांडल्या. आजमितीला अकरा आहेत. एकही फोडलेली नाही. साडू दारूला शिवत नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. दर शनिवारी संध्याकाळी ते नाक्यावरच्या दुकानातली देशी व्हिस्की सोडा घालून घेतात. फक्त घेताना खुर्ची त्या कपाटाकडे वळवून बसतात. मिठाईच्या दुकानाकडे बघत कोरडी भाकरी खाणारी माणसे असतात म्हणे. इथे दुकानही स्वतःच्याच मालकीचे!

आता कुणी काय जमवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. लहानपणी मीसुद्धा काडेपेट्यांवरची चित्रे जमवली आहेत. पण आमच्या घरी आधी पेटीतल्या काड्या संपत, मग चित्र माझ्या वहीत येई. चित्रासाठी आईने कधी चूल पेटवायची थांबवली नाही. तेव्हा माझे भांडण जमवण्याशी नाही, न फोडण्याशी आहे. आणि ते नुसते तात्त्विकही नाही. कारण त्या अकरांतली डावीकडून तिसरी बाटली निम्मी माझी आहे.

ती आमच्या सासऱ्यांची. 1974 साली कंपनीने त्यांना सहा आठवडे ग्लासगोला एका यंत्राचे शिक्षण घ्यायला पाठवले होते. येताना त्यांनी सासूबाईंना स्वेटर, दोन्ही मुलींना पेन आणि स्वतःसाठी एक 'व्हॅट सिक्स्टी नाइन' आणली. 'काहीतरी निमित्त निघालं की फोडू' असे म्हणून ती गोदरेजच्या कपाटात गेली. निमित्ते निघाली. थोरलीच्या लग्नाला निघाली, पण व्याही सोवळ्यातले होते. 25 जून 1983 च्या रात्री तर बाटली टेबलापर्यंत आली होती. भारताचा डाव 183 वर आटोपला आणि सासऱ्यांनी ती निमूटपणे परत आत ठेवली. आपण जिंकलो तेव्हा घरात निम्मी चाळ नाचत होती. एवढ्या माणसांत एक बाटली काय पुरणार? मग साठीशांत झाली, त्या दिवशी होमहवन. 2001 साली सासरे गेले. बाटली होती तशीच होती.

वाटणीत दोन्ही बहिणींना सगळे निम्मे निम्मे मिळाले. बाटली निम्मी करायची म्हणजे फोडायला हवी, आणि साडू म्हणाले, 'फोडायची कशाला? मी सांभाळतो.' तेव्हापासून ते सांभाळताहेत, आणि सांभाळता सांभाळता त्यांना या विषयातले ज्ञान झाले आहे. ज्ञान झालेल्या माणसाशी वाद घालणे कठीण असते, तरी घालतो.

साडूंचा पहिला मुद्दा असा की बाटली पन्नास वर्षांची झाली. अहो, झाली असेल, आतली व्हिस्की झालेली नाही! व्हिस्की म्हातारी होते ती ओकच्या लाकडी पिंपात. कायद्याने किमान तीन वर्षे ती तिथे राहावी लागते, आणि लेबलवर बारा वर्षे लिहिले असेल तर मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीने पिंपात काढलेली ती वर्षे. बाटलीत भरली की वय थांबले. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात पन्नास वर्षे ठेवलीत तरी ती बारा वर्षांचीच राहते. म्हातारे होतो ते आपण. साडूंनी ती बाटली घेतली तेव्हा त्यांचे केस काळे होते. आज बाटली तशीच आहे आणि साडूंना जिना चढताना मध्ये थांबावे लागते.

दुसरे म्हणजे ही ब्लेंडेड स्कॉच. ब्लेंड म्हणजे काय? भाजणी! स्वयंपाकघरात डोके घातलेल्या कुणालाही हे पटेल. एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की उग्र असते, आणि दर पिंपाची तऱ्हा वेगळी. त्यात साध्या धान्याची सौम्य व्हिस्की घालायची, पाच-पंचवीस ठिकाणच्या माल्ट प्रमाणात मिसळायच्या, आणि दर वर्षी, दर बाटलीत चव तीच राखायची. 1853 च्या सुमारास एडिंबरोच्या अँड्र्यू अशरने वेगवेगळ्या माल्ट एकत्र करून विकायला सुरुवात केली. 1860 च्या कायद्याने कर भरण्याआधी गोदामातच माल्ट आणि धान्याची व्हिस्की मिसळायला मोकळीक मिळाली आणि धंदा फोफावला. हा धंदा केला कुणी? वाण्यांनी. जॉन वॉकरचे किल्मार्नोकला 1820 पासून किराणा दुकान होते. चिवास बंधू ॲबर्डीनचे वाणी, बॅलंटाइन एडिंबरोचा वाणी. सासऱ्यांच्या बाटलीबद्दल तर असे सांगतात की विल्यम सँडरसनने 1882 साली शंभरेक पिंपांत शंभर मिश्रणे केली, जाणत्या लोकांना बोलावून चाखायला दिली, आणि सगळ्यांनी एकोणसत्तर नंबरच्या पिंपावर बोट ठेवले. बघा, त्या बाटलीचे नावसुद्धा कुणीतरी प्यायले म्हणून पडले! सगळ्यांनी नुसते बघून माना डोलावल्या असत्या तर नंबर कुठून येणार होता?

आणि अशी ही भाजणी आम्ही थालीपीठ न लावता पन्नास वर्षे डब्यात ठेवून डब्याची किंमत करतो आहोत.

किंमत कशी करतात तेही साडूंकडूनच शिकलो. लेबलवर '26⅔ फ्लुइड औंस' आणि '70 प्रूफ' लिहिलेले आहे. त्या काळच्या ब्रिटिश हिशेबाने सत्तर प्रूफ म्हणजे आजचे चाळीस टक्के. 1980 पासून तिकडे टक्के लिहू लागले, म्हणून बाटली त्याआधीची. बूच कसे आहे तेही बघायचे. पूर्वी काही कंपन्यांची स्प्रिंगची बुचे असत. 'व्हाइट हॉर्स'ने 1926 मध्ये फिरकीचे झाकण आणले. अमेरिकेत विकलेल्या बाटलीवर ती पुन्हा वापरू नये अशी सरकारी ताकीद असेल, तर ती 1935 ते 1964 मधली. मग लेबल फाटले आहे का, खोके आहे का, सील शाबूत आहे का आणि व्हिस्कीची पातळी कुठवर आली आहे. हे सगळे तपासतात. आतली व्हिस्की लागते कशी, एवढे एकच कुणी विचारत नाही. मुलगी बघायला जाऊन नुसते घराचे दार मोजून यावे तशातला प्रकार!

नोव्हेंबर 2023 मध्ये लंडनच्या लिलावात 1926 च्या मॅकॅलनची एक बाटली एकवीस लाख पौंडांवर गेली, तेव्हा साडूंनी मला रात्री अकराला फोन केला होता. जणू ती त्यांच्याच कपाटातली. मी म्हटले, 'अहो, ती सिंगल माल्ट. त्या पिंपातून अवघ्या चाळीस बाटल्या निघाल्या. आपली भाजणी लाखांनी निघाली आहे.' साडूंना ते आवडले नाही. मग त्यांच्या लंडनच्या मुलाने फोटो दाखवून आमच्या बाटलीची किंमत काढली. पन्नास पौंड, फार तर साठ. माझ्या मते ही आनंदाची बातमी होती. मॅकॅलनवाल्याला आता बाटली फोडायची सोय राहिली नाही, आम्हांला आहे. साडू मात्र आठवडाभर उदास होते.

शिवाय हे पौंड घेणार कोण? 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे. दारू विकायची तर लायसन्स लागते, ते साडूंकडे नाही. पिण्याचा परवाना मात्र आहे, आणि तो प्रकृतीच्या जतनासाठी देतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने या बाटलीचे साडू एकच करू शकतात, आणि तेसुद्धा आरोग्यासाठी. सरकारने इतक्या स्पष्टपणे माझी बाजू याआधी कधी घेतलेली नव्हती.

न प्यायलेल्या व्हिस्कीच्या भाविकांचे काय होते ते 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला दिसले. एका चिनी लेखकाने तिथल्या हॉटेलात 1878 च्या मॅकॅलनचा एक छोटा पेग सुमारे दहा हजार फ्रँक देऊन घेतला. (लेखकांना तिकडे किती मानधन देतात याची मी चौकशी करतो आहे.) पुढे कुणीतरी शंका काढली, ऑक्सफर्डला कार्बनची परीक्षा झाली, आणि व्हिस्की निघाली 1970 ते 1972 च्या दरम्यानची. त्यातही सिंगल माल्ट नव्हेच, ब्लेंड! म्हणजे जवळजवळ सासऱ्यांच्या बाटलीची मावसबहीण. हॉटेलवाल्याने बिचाऱ्याने चीनला जाऊन पैसे परत केले. दीडशे वर्षे कुणी बूच काढले नाही म्हणजे आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसते.

याउलट एरिस्केची माणसे. 5 फेब्रुवारी 1941 ला 'पॉलिटिशियन' नावाचे जहाज स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या या बेटाजवळ खडकावर चढले. आत व्हिस्कीच्या सुमारे 2,64,000 बाटल्या. युद्धामुळे बेटावर टंचाई. लोकांनी रात्री होड्या काढल्या. पुढे जप्त्या झाल्या, काही जण तुरुंगातही गेले, आणि शेवटी अधिकाऱ्यांनी जहाजाचे उरलेले धूड सुरुंग लावून उडवले. पण तोवर बेटाने आपले काम केले होते. 1987 मध्ये तिथल्याच एकाला बुडालेल्या जहाजात आठ बाटल्या सापडल्या, त्यांचे लिलावात चार हजार पौंड आले. साडू मला ही गोष्ट चार हजारांसाठी सांगतात. मी ती बाकीच्या बाटल्यांसाठी ऐकतो.

'पण इतिहास जातो ना!' हे साडूंचे शेवटचे अस्त्र. कसा जातो? लेबल राहते, बूच राहते, 26⅔ औंस राहतात. रिकामी बाटली कपाटात ठेवा. पूर्वी मुंबईत स्कॉचच्या रिकाम्या बाटलीला भंगारवाला चांगला भाव देई आणि शहाणी माणसे ती फोडून मग टाकत, कारण ती भलतेच काही भरून पुन्हा बाजारात येई. तेव्हा रिकामी बाटली जपून ठेवणे हे समाजकार्यच आहे. आणि भरलेली तरी कुठे भरलेली राहिली आहे? मागच्या महिन्यात मी चष्मा लावून पाहिले. पातळी गळ्यात होती ती आता खांद्याच्या खाली उतरली आहे. बुचातून थोडी थोडी उडते म्हणे. सासऱ्यांनी घेतली नाही, मी घेतली नाही, साडूंनी घेतली नाही. ग्लासगोहून आणलेली ती व्हिस्की गेली वीस-बावीस वर्षे डोंबिवलीची हवा पीत बसली आहे.

हे मी बोललो आणि साडूंचा चेहरा उतरला. जरा वेळाने म्हणाले, 'तुम्हांला दहाव्याचा दिवस आठवतो?'

न आठवून कसे चालेल? पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगळ्यांनी हात जोडून काय काय कबूल केले. सासूबाईंना अंतर देणार नाही, धाकटीच्या घराचे हप्ते बघू. कावळा ढिम्म. दीड वाजता साडू पुढे झाले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, आणि कावळा आला.

'मी म्हटलं होतं, बाटली नीट सांभाळीन.'

यावर काय बोलणार? मी म्हटले, 'दीड वाजला होता हो, कावळ्यालाही भूक लागते.' पण त्यात काही दम नव्हता, हे मलाच कळले. माणूस बावीस वर्षे किमतीच्या गोष्टी सांगतो आणि आत हे असते.

कोपऱ्यात सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. नव्वदीला टेकल्यात, कान अर्धे गेलेत, पण नको ते बरोबर ऐकू येते. म्हणाल्या, 'कावळ्याचं काय घेऊन बसलात? सत्तावीस वर्षं कपाटातली ती बाटली मी पुसलीय. आत काय आहे ते बघू का, असं मला विचारलंय का कुणी? नुसता वास तरी बघू दे.'

साडू उठून कपाटाची किल्ली शोधायला लागले. मी बायकोला चार पेले धुवायला सांगितले आहेत. किल्ली ताजमहालात ठेवली होती असे त्यांना आत्ता आठवले आहे, आणि ताजमहाल माळ्यावर आहे.